दोनशे बारानंतरची चित्रं

शनिवारी सकाळी डबा घेऊन टेकडी चढले तेव्हा माझ्या डोक्यात एकच काम होतं. सोमवारी सकाळी आठच्या आत चाळीस कोटी फायली खालच्या नव्या हॉस्पिटलात पोचल्या पाहिजेत, एकही मागं राहता कामा नये. आठ वाजता आरोग्य खातं टेकडीवरच्या जुन्या मिशन हॉस्पिटलची वीज तोडणार होतं. शेवटचा रोगी शुक्रवारी संध्याकाळी पाचला गाडीत घालून खाली नेला होता. खाटा गेल्या, यंत्रं गेली, फाटकावरचा पहारासुद्धा गेला. राहिली ती तळमजल्यावरची सर्व्हरची खोली, तिच्यातली एकोणीस वर्षांची स्कॅनची चित्रं, आणि मी.

चाळीस कोटी हा आकडा ऐकून लोक हसतात. पण स्कॅन म्हणजे एक चित्र नव्हे. यंत्र माणसाच्या, पाव कापावा तशा, चकत्या करतं आणि प्रत्येक चकतीची वेगळी फाइल ठेवतं. एका माणसाच्या तीनशे-चारशे फायली सहज होतात. त्या खाली पाठवणं एक वेळ सोपं. वरची आणि खालची प्रत तंतोतंत जुळते आहे ना हे बघणं, तिथं घोडं पेंड खातं. डरबनला बसलेले आमचे साहेब, पिल्लई, दोन महिने जुन्या पद्धतीनं जुळवणी चालवत होते. त्यांचा प्रोग्राम एकेका फाइलीच्या दारात जाऊन विचारायचा, तू केवढी, तू कधी बदललीस, आणि मग खाली जाऊन तोच प्रश्न. एक फेरी पुरी व्हायला नऊ दिवस लागायचे. तोवर इकडं दीड हजार नवे स्कॅन झालेले असायचे. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, ते शेपूटही रोज लांब व्हायचं.

मला अर्धवट राहिलेलं काम सहन होत नाही. आई म्हणायची, फिंडिलेला ताटात एक शीत दिसलं तरी झोप येत नाही. मी दोन गोष्टी केल्या. एकाच्या जागी चौसष्ट विचारणारे नेमले, प्रत्येकाला आपापली आळी वाटून दिली. आणि वेशीवर एक राखणदार बसवला, म्हणजे एक छोटा प्रोग्राम. ज्या फाइलीला हात लागेल तिचं नाव तो यादीत लिहायचा. मग घरोघर फिरायचं कारणच उरलं नाही. यादी वाचायची आणि तेवढंच खाली न्यायचं. नऊ दिवसांचं काम चार तासांवर आलं. त्यानंतर तर वर काहीही बदललं की मिनिटाच्या आत ते खाली पोचू लागलं. पिल्लई साहेबांनी फोनवर माझं कौतुक केलं, आणि ते सहसा कुणाचं करत नाहीत.

फाटकापाशी माशांगे बसली होती. लग्न झालेल्या बाईला आमच्या झुलू लोकांत माहेरच्या नावानं हाक मारतात. ती शांगेंची लेक, झुंगूंची सून. कित्येक वर्षं ती त्या फाटकाशी कणकेचे गोळे तळून विकायची आणि माझी सकाळची न्याहारी तिच्याकडचीच असायची. मी म्हटलं, खाली का नाही गेलात, गिऱ्हाईक तर सगळं खाली गेलं.

"गिऱ्हाईक गेलं," ती कढईतून नजर न उचलता म्हणाली. "माझा मुलगा आत आहे अजून."

तिचा मुलगा सहा वर्षांपूर्वी त्या हॉस्पिटलात वारला हे मला ठाऊक होतं. म्हातारी माणसं असं बोलतात, असं समजून मी गोळे घेतले आणि आत गेले.

रिकामं हॉस्पिटल तुम्ही पाहिलंय का? दिवसाढवळ्या सुद्धा तिथं आपली चप्पल वाजली की आपणच दचकतो. जंतुनाशकाचा वास अजून होता, पण माणसांचा गेला होता. सर्व्हरच्या खोलीत शिरले तेव्हा पंख्यांची घरघर ऐकून बरं वाटलं. खोलीला खिडकी नाही, थंडी मात्र जूनमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, डोंगरासारखी. स्वेटर चढवला आणि यादी उघडली. ती कोरी असायला हवी होती. शुक्रवारी पाचनंतर त्या इमारतीत फाइलीला हात लावणारं कोणी नव्हतं.

यादीत पस्तीस ओळी होत्या.

पहिली शुक्रवारी बरोबर पाचची. मग साडेपाच. मग सहा. दर अर्ध्या तासाला एक, रात्रभर, सकाळी दहापर्यंत. सगळ्या ओळी एकाच फोल्डरच्या होत्या आणि प्रत्येक ओळीत एक नवी फाइल. मला आधी राग आला, भीती नाही. कुठलं तरी यंत्र अजून जोडलेलं राहिलंय असं वाटलं. मी त्या साऱ्या साठ्याला लिहायची बंदी घातली. म्हणजे वाचता येईल, पण एक अक्षरही नवं टाकता येणार नाही. बंदी लागू झाल्याची दोनदा खात्री केली. साडेदहाला छत्तिसावी ओळ आली.

तेव्हा मी फोल्डर उघडलं. झुंगू, बोंगुमुसा. वय सत्तावीस. स्कॅन सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातला. तीनशे चाळीस चित्रं घ्यायची ठरली होती, मांड्यांपासून वर गळ्यापर्यंत. दोनशे बारावं चित्र दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांचं. तिथं स्कॅन थांबला होता आणि फोल्डर सहा वर्षं तसंच पडलं होतं. आता त्यात दोनशे तेरा होतं, दोनशे चौदा होतं, पुढची ओळीनं होती. दोनशे बारानंतर कोणीतरी तो स्कॅन पुढं चालू केला होता.

मी दोनशे तेरावं चित्र उघडलं. मी डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं ही चित्रं हाताळून माणसाची छाती ओळखू येते. फुप्फुसं काळी, गच्च फुगलेली, बरगड्यांना टेकलेली. त्या माणसानं भरपूर श्वास घेतला होता आणि तो आत धरून ठेवला होता.

आता एक गोष्ट सांगते, ती मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. सहा वर्षांपूर्वी मी संगणकाच्या कामावर नव्हते. कागदपत्रांच्या खिडकीत टाइप करायला होते, नोकरीला चार महिने झालेले. त्या मंगळवारी मोठ्या सिस्टरनं चिठ्ठी दिली: झुंगू, मृत्यू वॉर्ड चार, खाट अकरा, वेळ तीन चाळीस. स्कॅनच्या फळीवर माणूस गेला तर चौकशी बसते, म्हणून तसाच ढकलगाडीवर घालून वॉर्डात नेला आणि मग तिथं मेला असं लिहिलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. मी टाइप केलं. त्या खिडकीत मी दोन वर्षं काढली, तेवढ्यात असल्या चिठ्ठ्या आणखीही आल्या. किती, ते मी मोजलं नाही. एवढी मोजदाद करणारी मी, पण त्या मोजल्या नाहीत.

पिल्लई साहेबांना फोन लावला. मृत माणसाच्या फोल्डरमध्ये आपोआप चित्रं येताहेत, असं सांगितल्यावर ते हसले. म्हणाले, घड्याळ बिघडलं असेल, तबकडी बिघडली असेल, काहीही असेल. तेवढं फोल्डर वगळ, बाकीची जुळवणी पुरी कर, अहवालावर शून्य फरक असं येऊ दे आणि घरी जा.

"एका मेलेल्यासाठी बाकीच्या सगळ्या जिवंतांना ताटकळत ठेवू नकोस, फिंडिले."

"एक सोडून बाकीचं जुळलं तर त्याला शून्य म्हणत नाहीत, साहेब."

"हट्टी आहेस."

"तुम्हीच म्हणाला होतात, हट्टी आहेस म्हणून तर घेतलं कामावर."

वगळणं म्हणजे एक ओळ लिहायची होती. माझी बोटं त्या ओळीपर्यंत गेली सुद्धा. पण या माणसाबद्दल मी एकदा सांगितलं तसं टाइप करून बसले होते. पुन्हा करणार नव्हते.

दुपारी एकला नेहमीसारखी दोन तासांची वीजकपात झाली. सर्व्हरची खोली जनरेटरवर चालू राहिली, पण बाहेरचे बोळ काळे झाले. कुठं एखादी तार जोडलेली राहिलीये का ते बघायला मी फोनचा उजेड धरून स्कॅनच्या खोलीकडं निघाले. बाहेर लख्ख ऊन असणार, पण त्या बोळात त्याचा टिपूसही नव्हता. खोलीचं जाड दार उघडंच होतं. यंत्र गुरुवारीच नेलं होतं. फरशीवर चार बोल्टांची भोकं आणि फिकट गोल डाग. भिंतीतली तार कापलेली, टोकाला काळी पट्टी गुंडाळलेली. मी ती हातात धरून पाहिली. कशालाच जोडलेली नव्हती.

घड्याळात दीड वाजला. आणि माझ्या समोर, जिथं काही नव्हतं तिथून, आवाज आला.

"श्वास घ्या..."

तो आवाज हॉस्पिटलातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा. यंत्रात भरून ठेवलेला, झुलू भाषेतला, सौम्य, जरा कंटाळलेला बाईचा आवाज. प्रत्येक रोग्याला ती तीन गोष्टी सांगायची.

"श्वास रोखून धरा..."

तिसरी गोष्ट म्हणजे, आता सोडा. ती आलीच नाही. मी वाट बघत उभी राहिले. खोलीत कोणीतरी वाट बघतंय, माझ्यापेक्षा फार जास्त वेळ वाट बघतंय, हे मला अंगावरच्या काट्यावरून कळत होतं. कानात रक्त धडधडायला लागलं तेव्हा ध्यानात आलं की मी सुद्धा श्वास रोखून धरला होता.

मी धावत सर्व्हरच्या खोलीत आले. यादीत नवी ओळ होती. दीड वाजता, दोनशे चौपन्न.

मी हिशोब मांडला, कारण घाबरले की मी तेच करते. अर्ध्या तासाला एक. सोमवारी सकाळी आठला, वीज तुटेल त्या क्षणी, तीनशे एकोणचाळिसावं चित्र येईल. तीनशे चाळिसावं येणार नाही. फक्त एक चित्र राहील, आणि त्यानंतर तिथं श्वास सोडा म्हणायला कोणी नसेल. पुढच्या महिन्यात इमारतच पाडायची होती.

आमच्यात माणूस घराबाहेर वारला तर त्याच्या आत्म्याला आणायला जावं लागतं. घरातला वडीलधारा रानबोरीची काटेरी फांदी घेऊन जातो, जिथं प्राण गेला नेमक्या त्या जागी फांदी टेकवतो, नाव घेऊन सांगतो की चल, आणि मग घरी पोचेपर्यंत दुसऱ्या कुणाशी एक शब्द बोलत नाही. गाडीत त्याच्यासाठी जागा ठेवतात. माशांगेनं हे सगळं सहा वर्षांपूर्वी केलं होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. वॉर्ड चार, खाट अकरा. कागदावर तसं होतं म्हणून.

मी फाटकाशी गेले आणि तिला सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसायची हिंमत झाली नाही. कागद मीच टाइप केला हेही सांगितलं. ती बराच वेळ कढईखालची राख काडीनं सारत राहिली.

"स्वप्नात येतो तो," शेवटी ती म्हणाली. "छाती भरून उभा राहतो. एक शब्द बोलत नाही. मला वाटायचं, माझ्यावर रागावलाय."

तिनं काडी राखेत खोचली.

"सहा वर्षं रोज माझ्या हातचं खाल्लंस तू."

"हो."

"रोज मी विचारायचे, कशी आहेस पोरी. आणि तू म्हणायचीस, बरी आहे."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं भांडी आवरली, शाल पांघरली आणि सांगितलं की उद्या त्याच्या चुलत्याला घेऊन येते, फांदी सकाळीच तोडावी लागते, तू किल्ल्या घेऊन तयार राहा.

रविवारी दुपारी बारा-पन्नासला ते आले. चुलता म्बेकेनी, सत्तरीचा, काळा कोट घातलेला, हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेली फांदी. माझ्या नमस्काराला त्यानं उत्तर दिलं नाही, द्यायचं नसतंच. माशांगे मागून. मी दिवे लावत पुढं चालले, पण त्या दिवशी वीजकपात पाच मिनिटं आधीच झाली आणि स्कॅनच्या खोलीच्या दारातच ते गेले. मग फोनचा उजेड तेवढा राहिला.

चुलत्यानं त्या फिकट गोलाच्या मधोमध फांदी टेकवली.

"बोंगुमुसा. झुंगूच्या पोरा. आम्ही आलोय. मागच्या वेळी जागा चुकली, आम्हाला जागा चुकीची सांगितली होती. ही फांदी. हिच्यावर बस. घरी जाऊ."

त्यानं फांदी उचलून पाहिली. माणूस आला की फांदीला वजन येतं म्हणतात. त्यानं माशांगेकडं बघून मान हलवली. पुन्हा टेकवली, पुन्हा नाव घेतलं. पुन्हा मान हलवली. तेवढ्यात एक वाजला.

"श्वास घ्या..."

माशांगेनं माझं मनगट धरलं. तिची बोटं तेलानं भाजून भाजून राठ झालेली होती.

"श्वास रोखून धरा..."

मग ती शांतता. मी तिच्या कानाशी वाकले आणि पुटपुटले, की यापुढचं वाक्य त्याला कोणी सांगितलंच नाही... तो अजून सांगितलेलं ऐकतोय... म्हणून हलत नाही... तुम्ही सांगा.

ती पुढं झाली. फरशीवर गुडघे टेकले, जिथं फळी असायची तिथं एक हात ठेवला.

"सोड, बाळा," ती म्हणाली. "आता सोड."

मी जे ऐकलं ते ऐकलं. एक लांब, फार लांब श्वास बाहेर पडला. इतका लांब की मला वाटलं संपणारच नाही. माझ्या कपाळावरचे केस हलले. उबदार होता तो, आणि त्याला जुन्या दमट कपड्यांचा वास होता. चुलत्याच्या हातातली फांदी एकदम खाली झुकली, त्याला दुसरा हात लावावा लागला. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण आवाज ठाम होता.

"बोंगुमुसा, आता दारातून बाहेर. आता बोळ. इथं अंधार आहे, माझ्या मागं राहा. आता पायऱ्या, तीन आहेत."

असं सांगत सांगत तो त्याला घेऊन गेला. टॅक्सीत मधली जागा रिकामी ठेवली होती. दार लावण्याआधी माशांगेनं माझ्याकडं एकदा पाहिलं. खरं सांगायचं तर सहा वर्षांत प्रथमच मला हलकं वाटलं. मी फाटकाच्या दगडावर बसून रडले.

यादीत एक वाजून चार मिनिटांनी एकोणचाळीस ओळी एकदम आल्या होत्या. तीनशे दोनपासून तीनशे चाळीसपर्यंत. मिनिटभरात त्या खाली पोचल्या. मग यादी गप्प झाली. मी पाच वाजेपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसले, एकही ओळ आली नाही. शेवटची जुळवणी लावली. चौसष्ट विचारणारे चाळीस कोटी दारांत जाऊन आले. फरक शून्य. सोमवारी सकाळी आठला वीज तुटली, पंखे एकेक करून थांबले, आणि मी खाली नव्या इमारतीत येऊन चहा घेतला. पिल्लई साहेबांनी सगळ्यांना पत्र लिहून माझं नाव कळवलं.

साडेआठला माशांगेचा फोन आला. मी आनंदानं उचलला. ती म्हणाली, आला गं घरी. काल दुपारीच आला. आत त्याच्या जागी झोपलाय, लहानपणी घोरायचा तसा घोरतोय, चुलत्यानं सुद्धा ऐकलं.

"एक विचारू?"

"विचारा ना."

"काल संध्याकाळी पाचला दार वाजलं. उघडलं तर बोंगु. छाती भरून उभा. आतला आत घोरतोय, आणि हा दारात." तिचा आवाज अगदी खाली आला. "साडेपाचला परत वाजलं. मग सहाला. अंगणात आता बत्तीस आहेत..."

चहाचा पेला मी खाली ठेवला. मला एका क्षणात कळलं, आणि कळलं ते माझंच काम होतं. शुक्रवारी पाचपासून रविवारी एकपर्यंत दर अर्ध्या तासाला तो त्या खोलीत श्वास धरून एक चित्र पुढं सरकत होता. आणि माझा राखणदार ते टिपून मिनिटाच्या आत खाली पाठवत होता. साहेबांची जुनी पद्धत असती तर नऊ दिवसांच्या फेरीत त्यातलं एकही उचललं गेलं नसतं. मी मात्र त्याला दर वेळी, श्वास धरलेल्या अवस्थेत, उचलून धाडून दिला होता. दोनशे तेरापासून तीनशे एकपर्यंत. मूळचा घरी पोचला तशी खाली पडलेल्या या प्रतींनाही, आल्या त्याच क्रमानं, घरची वाट सापडली होती. मी बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं.

"एकोणनव्वद," मी म्हटलं. "माशांगे, एकोणनव्वद येतील. जास्त नाही. प्रत्येकाला काय म्हणायचं ते तुम्हाला ठाऊक आहे."

"म्हटलं तर?"

"तर सुटेल."

तिनं फोन बाजूला ठेवला. लांबून मला तिचा आवाज ऐकू आला, सोड बाळा, आता सोड. मग तो लांब श्वास, तारेतूनही ओळखू आला. ती परत आली. म्हणाली, एकतीस राहिले. मी म्हटलं मी येते, आळीपाळीनं बसू. ती नको म्हणाली. तू येशील आणि मोजत बसशील, हे मोजायचं काम नाही. आई आहे मी त्यांची, प्रत्येकाचं तोंड बघून म्हणेन.

सोमवारचा दिवस, रात्र, मंगळवारची सकाळ तिनं आणि चुलत्यानं ते केलं. अंगणातले एकेक मोकळे केले, दर अर्ध्या तासाला येणारा नवा मोकळा केला. जेवली दारातच. मी दर दोन तासांनी फोन करत होते आणि ती थकलेल्या पण घट्ट आवाजात आकडा सांगत होती, कारण मोजू नये म्हणाली तरी ती मोजत होती. मंगळवारी दुपारी एकला तिनंच फोन केला. एकोणनव्वदावा गेला. अंगण रिकामं झालं. आतला उठून बसल्यासारखा वाटतोय, घरात त्याची चाहूल आहे, पण त्रास नाही. मी म्हटलं, आता झोपा. ती म्हणाली, हो गं, झोपते.

दीड वाजता फोन पुन्हा वाजला.

"तू एकोणनव्वद म्हणाली होतीस."

"एकोणनव्वदच, माशांगे. मी दोनदा मोजले."

"दार वाजलं. मी उघडलं." ती जरा थांबली. "बोंगु नाही. कोणी बाई आहे, पोटाशी हात धरलेला. तिलाही सोड म्हटलं, पण ती ऐकत नाही. म्हणते, मला सुद्धा वॉर्ड चारात नेऊन ठेवलं होतं..."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"विचारत होती, ते कागद टाइप करणारी मुलगी कुठं राहते."

"तुम्ही... काय सांगितलंत?"

"खोटं कशाला सांगू, पोरी," माशांगे म्हणाली. "पत्ता सांगितला. आत्ताच निघाली."